सोलापूरच्या उन्हात आणि पाण्यात जमेल असं पर्यावरणपूरक घर, आणि कॉलनीचे उपक्रम

माळवद · ६ मे, सकाळी ७:१०

मंडळी, मृग लागायला महिना राहिलाय. वृक्षारोपण, स्वच्छता मोहीम, शाडूच्या गणपतीची कार्यशाळा यांच्या बैठका आता कॉलन्यांमधून सुरू होतील, म्हणून धागा आत्ताच काढतोय. घरातल्या सवयी आणि कॉलनीचे कार्यक्रम दोन्ही एकत्रच बोलू. ज्या घरात ओला-सुका वेगळा होत नाही तिथली माणसं मोहिमेत दोन तास राबली तरी दुसऱ्या दिवशी घंटागाडीत सगळं पुन्हा एकत्रच जातं.

एक विनंती. या विषयावर सापडणारी बहुतेक माहिती पुण्या-मुंबईच्या नाहीतर कोकणाच्या हवेला धरून लिहिलेली असते. तिथं कंपोस्ट ओलं होऊन कुजतं, इथं एप्रिल-मेमध्ये ते वाळून थांबतं. तिथं जूनमध्ये लावलेलं रोप पावसावर तगतं, इथं जून-जुलै कोरडे जाऊ शकतात आणि पावसाचा भर सप्टेंबरात असतो. वर्षाचा पाऊस साधारण ५५० मिमीच्या आसपास, मे महिन्यात पारा ४२-४३ वर, आणि नळाला पाणी काही दिवसांआड. तेव्हा जे सांगाल ते मापासकट आणि इथल्या हवेला धरून सांगा.

ओल्या कचऱ्यापासून सुरुवात करतो. चार माणसांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याला रंगाच्या २० लिटरच्या तीन रिकाम्या बादल्या पुरतात. बाजूंना ६ मिमीची २० ते २५ भोकं, तळाला ५, खाली ताटली. विकतच्या जाळीदार क्रेटच्या वाटेला जाऊ नका. इथल्या कोरड्या वाऱ्यात ते आठवड्यात वाळतं. मातीचे खत-माठही उन्हाळ्यात ओल ओढून घेतात.

तळाला ३ इंच सुका पाला, त्यावर मूठभर जुनं खत किंवा शेण. रोजचा कचरा बोटाच्या पेराएवढा चिरून टाकायचा आणि वर सुका थर. हिवाळ्यात ओल्याइतकाच सुका घ्या, पावसाळ्यात दीडपट, मे महिन्यात निम्मा. दर तिसऱ्या दिवशी तळापासून ढवळायचं. बादली सावलीतच हवी. गच्चीवर तापलेल्या स्लॅबवर ठेवली की कडेचं सगळं कोरडं पडतं आणि मधलंच तेवढं कुजतं. पहिली भरायला जवळपास महिना लागतो, कारण माल खाली बसत जातो. ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची. तिसरी भरेपर्यंत पहिलीतलं खत चाळायला तयार होतं.

शेंगाचं_टरफल · ६ मे, सकाळी ९:३५

सुक्या थराबद्दल थोडी भर घालते. बरेच जण कोकोपीट विकत आणतात. सोलापुरात त्याची गरज नाही. शेंगाची टरफलं चटणीच्या गावात कमी पडणार नाहीत. फक्त ती तशीच टाकली तर तीन महिन्यांनीही ओळखू येतात, फार चिवट असतात. पोत्यात भरून पायाखाली तुडवा आणि रात्रभर पाण्यात भिजवा, म्हणजे इतर मालाबरोबर कुजतात. उसाचं पाचट तर जिल्ह्यात ढिगानं मिळतं आणि शेतात पेटवून दिलं जातं. ते दोन इंची तुकडे करून वापरा. कडुनिंबाचा पाला चालतो, पण एकटाच नको, चिंच-पिंपळाच्या पाल्यात मिसळून टाका.

ज्वारीचा कडबा मात्र यात घालू नये असं माझं ठाम मत आहे. टंचाईच्या वर्षी त्याच्या पेंढीवर जनावर जगतं. खताला इतर पुष्कळ गोष्टी आहेत.

डाळिंबाची सालं जाड असतात, चिरून टाका. यंत्रमागाचा सुताचा कचरा कुणी देत असेल तर आधी धागा पेटवून बघा. कागदासारखा जळून राख झाली तर सूत, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर मिसळलंय. रंगवलेलं सूत शुद्ध असलं तरी खतात नको.

लक्ष्मीपेठ_वहिनी · ६ मे, दुपारी १:०५

वास, मुंग्या आणि अळ्या यांचं काय? आमच्या जिन्यात ज्यांनी ज्यांनी सुरू केलं त्यांनी याच तीन कारणांनी बंद केलं.

माळवद · ६ मे, दुपारी ३:२०

वहिनी, तिन्ही गोष्टी बादलीत काय बिघडलंय ते सांगतात. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास म्हणजे हिरवा माल जास्त झाला, दोन ओंजळी टरफलं मिसळा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. सगळं परातीत काढून तासभर पसरा, तळाची भोकं बुजली असतील तर काडीनं मोकळी करा. मुंग्या लागल्या की माल कोरडा पडलाय हे नक्की. ताकात पाणी घालून शिंपडा, एका बादलीला अर्धा लिटर.

ओल किती हवी? मूठभर माल घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर सुका टाका, काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच गोळा फुटला तर पाणी शिंपडा.

करड्या जाडसर अळ्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या कचरा झपाट्यानं संपवतात आणि ही माशी अन्नावर बसत नाही. नकोशा वाटत असतील तर वर एक इंच सुका थर ठेवा आणि उघडं अन्न राहू देऊ नका. पांढरी बुरशी चांगलीच.

खत झालं हे ओळखायचं तर ओंजळभर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून ३ दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर झालं. आंबूस आला तर अजून १५ दिवस थांबा. कच्चं खत कुंडीत घातलं की मुळं भाजतात आणि दोष झाडाला जातो.

हौद_आणि_बादली · ६ मे, रात्री ९:४५

आता पाण्याचं. पाणी वाचवा असं सगळेच सांगतात, पण आपल्याकडे साठवलेल्या पाण्याचा प्रश्न मोठा आहे. नळ काही दिवसांआड म्हटल्यावर पिंप, टाकी, हौद भरलेलेच राहतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचं अंड्यापासून डासापर्यंतचं चक्र ८ ते १० दिवसांचं, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे साठवणीची सगळी भांडी रिकामी करायचा दिवस, चुकवायचा नाही.

नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरलं की फुटतात. पिंपाची आतली बाजू काथ्यानं खरवडून घासा, ते पाणी कुंडीत किंवा मातीत ओता, गटारात नको. हौद रिकामा करणं शक्य नसेल तर झाकणाला बारीक जाळी लावा आणि गप्पी मासे सोडा. कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे आणि गच्चीवरचं टायर नेहमी विसरलं जातं. कोरडा दिवस सगळ्या कॉलनीनं एकाच वारी पाळला तरच उपयोग, कारण शेजारच्या टाकीतला डास भिंत ओलांडून येतो. नळाच्या पाळीच्या आदल्या दिवशी ठेवला तर पाणी वायाही जात नाही.

वापरलेल्या पाण्याचं म्हणाल, तर कपडे धुण्याच्या यंत्रातलं शेवटच्या खळबळीचंच पाणी झाडांना द्या. पहिल्या पाण्यातल्या पावडरीत सोडियम भरपूर असतो. तो काळ्या मातीत साठला की माती दगडासारखी होते, पाणी मुरतच नाही. हे पाणी साठवू नका, त्याच दिवशी वापरा, आणि कोथिंबीर-मेथीला अजिबात नको.

आरओचं वाया जाणारं पाणी एकदा टीडीएस मीटरनं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्रानं, मोजा. ५०० च्या आत असेल तर झाडांना बिनधास्त, ५०० ते २००० असेल तर निम्मं साधं पाणी मिसळून आणि कणखर झाडांनाच, त्यापुढे फक्त फरशी आणि संडासाला. खरं तर नळाच्या पाण्याचाच टीडीएस ५०० च्या आत असेल तर आरओ कशाला लावायचा? अल्ट्राव्हायोलेट आणि गाळणीचं यंत्र पुरतं, आणि एक थेंब वाया जात नाही.

गाळ_आणि_मुरूम · ७ मे, सकाळी ८:१५

पाणी निघालंच आहे तर छताचं पाणी बोअरमध्ये सोडायचं घ्या. १००० चौरस फूट गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर ५५० मिमी पाऊस, त्यातलं ८० टक्के हाती लागतं असं धरलं तर वर्षाला साधारण ४० हजार लिटर. एक इंच पावसाची एक सर पावणेदोन-दोन हजार लिटर देते.

गडबड होते ती पहिल्या पाण्यात. आठ महिन्यांची धूळ आणि पारव्यांची घाण पहिल्या सरीबरोबर येते. किमान २ मिमी पाऊस सोडून द्यायला हवा, म्हणजे वर म्हटलेल्या गच्चीचे जवळपास १८५ लिटर. बाजारात यासाठी उभा चार इंची पाइप लावून देतात. दहा फुटी पाइपात जेमतेम २५ लिटर मावतात, बाकी सगळी घाण बोअरमध्ये. त्याऐवजी २०० लिटरचा ड्रम लावा. खाली उतरणाऱ्या पाइपाला टी जोडून आधी ड्रम भरू द्या. तो भरला की पाणी आपोआप पुढे फिल्टरकडे वळतं. ड्रमच्या तळाला ३ मिमीचं भोक ठेवा, म्हणजे पाऊस थांबल्यावर सहा-सात तासांत तो आपला आपण रिकामा होतो. हे भोक गाळानं बुजतं, ते पावसाळाभर तपासत राहायचं.

फिल्टरही ड्रमचाच. खाली २० मिमी खडी ८ इंच, मध्ये ६ ते १० मिमीची बारीक खडी ८ इंच, वर धुतलेली जाड वाळू १० इंच, आणि प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. वाळूचा वरचा २ इंच थर दर पावसाळ्याआधी काढून धुवायचा. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधूनच उतरतं. त्या भेगा गाळानं एकदा बुजल्या की बोअर परत मोकळं होणं अवघड असतं. म्हणून फिल्टर न लावता बोअरमध्ये पाणी सोडणं हा बोअर बंद पाडण्याचा प्रकार आहे.

उन्हाची_गच्ची · ७ मे, सकाळी १०:४०

गच्चीचा विषय आहे म्हणून थोडक्यात. पूर्वीच्या माळवदावर पांढऱ्या मातीचा थर असायचा, घर थंड राहायचं. स्लॅबला दोन हात चुना मारला तरी खालच्या खोलीत फरक जाणवतो. भिंतीला लावतात त्याच चुन्यात थोडा फेविकॉल घालायचा, म्हणजे पहिल्या पावसात धुऊन जात नाही. सौर पॅनेलचं गणित असं की १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट सावली न पडणारी जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे. पॅनेल सकाळी थंड असताना पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर पाणी मारलं तर काचेला तडा जाऊ शकतो, आणि बोअरच्या जड पाण्याचे डाग बसतात ते वेगळेच.

हिप्परगा_काठ · ७ मे, सायंकाळी ६:३०

आमच्या मंडळाचा विचार आहे की जूनमध्ये मुलांना घेऊन नान्नजच्या बाजूच्या माळावर जायचं आणि सीडबॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, टाकायचे. सुबाभूळ आणि ग्लिरिसिडियाचं बी सहज मिळतं. उजाड माळ हिरवा होईल, मुलांनाही आवडेल. किती करावेत?

माळढोक_माळ · ७ मे, रात्री ८:२०

दादा, हेतू चांगला आहे, पण कळकळीनं सांगतो, हे करू नका. तो माळ उजाड नाही. ते गवताळ रान आहे आणि त्याच रूपात ते पुरं आहे.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते या माळासाठीच. माळढोक उघड्या जमिनीवर घरटं करतो, घरटं म्हणजे नुसता खळगा, आणि बहुधा एकच अंडं घालतो. त्याला लांबवर नजर जाईल अशी मोकळी जागा लागते. तिथं झाडं उभी राहिली की कावळे आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते, आणि जमिनीवरच्या प्रत्येक घरट्याला धोका वाढतो. एकट्या माळढोकाचाच प्रश्न नाही. काळवीट, लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, सगळे मोकळ्या गवताचे रहिवासी. पवन्या आणि मारवेलसारखं गवत उन्हाळ्यात वाळून पिवळं दिसतं म्हणून आपल्याला ते मेल्यासारखं वाटतं. त्याची मुळं खाली जिवंत असतात. पहिल्या दोन पावसांत ते उठतं, माती धरून ठेवतं आणि मेंढपाळांच्या कळपांना चारा देतं.

सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया दोन्ही मध्य अमेरिकेकडचे. सुबाभळीच्या शेंगा फुटून बी पसरतं आणि एकदा शिरलेली सुबाभूळ तोडली तरी बुडख्यापासून फुटते. सावलीत खालचं गवत जातं. शिवाय अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाणं आणि बाहेरचं काही टाकणं, दोन्ही कायद्यात बसत नाही.

मुलांना माळावर न्यायचंच असेल तर परवानगी घेऊन न्या, गाडीवाटेवरूनच चालवा, दुर्बीण द्या, आणि येताना वाटेवरचं प्लास्टिक गोळा करून आणा. माळासाठी एवढं पुष्कळ आहे.

हिप्परगा_काठ · ७ मे, रात्री ९:०५

हे लक्षात आणून दिलंत ते बरं झालं. माळाचा बेत मंडळासमोर रद्द करायला सांगतो. मग झाडं कॉलनीतच लावू. खुली जागा आहे, रस्त्याच्या कडा आहेत. १०० रोपं मागवायची म्हणतोय.

गाळ_आणि_मुरूम · ८ मे, सकाळी ७:५०

आधी पाणी मोजा, मग झाडं. पुढच्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्याला दोनदा १५ लिटर लागतात. ५० रोपं म्हणजे आठवड्याला १५०० लिटर, १०० म्हणजे ३०००. ते कोण घालणार, कुठून आणणार, ते नावानिशी वहीत लिहा. एका घराला तीन रोपं झेपतात. २० घरं तयार असतील तर ६० मागवा. लावण्याच्या दिवशी जमलेली गर्दी फेब्रुवारीत नसते, ही सगळ्या वृक्षारोपणांची खरी अडचण आहे.

खड्डे आत्ताच, मे महिन्यात काढा. २ फूट लांब, २ रुंद, २ खोल. महिनाभर ऊन खाऊ द्या. वरची एक फूट माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. मुरूम परत खड्ड्यात घालायचा नाही, त्याच्या जागी तलावाचा गाळ आणा. भरताना वरची माती, गाळ, एक घमेलं कुजलेलं खत आणि २५० ग्रॅम निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलं की वाळवी हमखास लागते आणि कोवळी मुळं तीच आधी खाते. काळ्या मातीत उलट अडचण असते, पाणी साचतं. तिथं रोप आजूबाजूच्या पातळीपेक्षा ३-४ इंच उंच बसवा.

लावायची घाई ७ जूनला करू नका. दोन चांगले पाऊस होऊन ओल एक फूट खाली गेली की लावा. कांबीनं टोचून बघता येतं. ते जुलैअखेर जमलं नाही तर ऑगस्टच्या शेवटी लावा, सप्टेंबरचा पाऊस पूर्ण मिळतो. पिशवी ब्लेडनं उभी कापा. मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतील तर तेवढी छाटा, नाहीतर ती पुढे स्वतःलाच आवळतात. सगळ्या काळ्या पिशव्या मोजून परत आणा. जितकी रोपं तितक्या पिशव्या.

पाचटाचं आच्छादन ४ इंच जाड, खोडापासून वीतभर लांब. पाणी वरून ओतण्यापेक्षा ५-७ लिटरचा बिनझिलईचा माठ खोडापासून एक फुटावर गळ्यापर्यंत पुरा. तो भरून झाकण ठेवलं की चार-पाच दिवस ओल झिरपत राहते, आणि मुळं ओलीच्या मागे खोल जातात. जड पाण्यानं माठाची छिद्रं हळूहळू बुजतात, पाणी उतरेनासं झालं की माठ बदला.

लक्ष्मीपेठ_वहिनी · ८ मे, सकाळी ९:३०

झाडं कोणती? वर विजेच्या तारा आहेत.

गाळ_आणि_मुरूम · ८ मे, सकाळी १०:१०

तारांखाली आपटा, कांचन, बहावा, सीताफळ, भोकर. मोकळ्या जागेत कडुनिंब, चिंच, करंज, कवठ, बेल, अंजन. वड-पिंपळाला इमारत, हौद आणि ड्रेनेजपासून किमान ३० फूट जागा सोडता येत असेल तरच लावा. एकाच जातीची रांग करू नका, रोग आला की रांगच जाते. कोनोकार्पस कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. भराभर हिरवा होतो, पण मुळं पाण्याच्या नळांत आणि ड्रेनेजमध्ये घुसतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

पोतं_आणि_ताणकाटा · ८ मे, दुपारी १२:२५

स्वच्छता मोहिमेचं मी सांगते. मे महिन्यात साडेसहाला सुरू करून साडेआठला संपवा. त्यापुढे मुलांना ऊन लागतं. आदल्या दिवशी ठरवायची गोष्ट एकच, गोळा झालेला कचरा कोण कुठं नेणार. घंटागाडीची वेळ किंवा भंगारवाल्याची गाडी पक्की नसेल तर मोहीम पुढे ढकला. कडेला रचलेली पोती रात्री कुत्री फाडतात आणि सगळं होतं तिथं परत येतं.

काळ्या पिशव्या आणू नका, साखरेची रिकामी पोती आणा, धुऊन परत वापरता येतात. पाच जणांची एक तुकडी. एक जण फक्त बाटल्या, एक पातळ प्लास्टिक, एक कागद-पुठ्ठा, एक काच आणि धातू, पाचवा पोतं धरणारा आणि वजन लिहिणारा. काच आणि सुया पत्र्याच्या डब्यात, पोत्यात कधीच नाही. मुलांना नाल्यात आणि झुडपात घालायचं नाही. सुया, डायपर आणि सॅनिटरी पॅड हातानं उचलायचे नाहीत, चिमट्यानंच.

ताणकाट्यावर प्रत्येक पोत्याचं वजन लिहा. कोणत्या वस्तू जास्त निघाल्या ते बघून पुढचं काम कळतं. गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं भंगारवाला घेत नाही. ती बाटलीत ठासून भरायची पद्धत आहे. १ लिटरच्या बाटलीत किमान ३३० ग्रॅम बसलं पाहिजे, नाहीतर ती दबते. पण उन्हात ठेवल्यावर बाटली ठिसूळ होऊन फुटते, म्हणून बागेतल्या उघड्या बाकांसाठी ती वापरू नये असं मला वाटतं.

आणि १०० पेक्षा जास्त माणसं जमणार असतील तर महापालिकेला ३ कामकाजाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, ही अट २०१६ च्या घनकचरा नियमांपासून आहे. महाप्रसादालाही ती लागू होते.

ताट_वाटी_पेला · ८ मे, दुपारी ४:००

महाप्रसादावरून. कॉलनीची स्वतःची स्टीलची ताटं असावीत. २०० माणसांना २२० ताटं, २२० वाट्या, २२० पेले. एकदा वर्गणी काढून घेतली की लग्न-मुंजीलाही फिरतात. आक्षेप नेहमी पाण्याचा येतो. नळाखाली धुतली तर तो खराच आहे. टबात धुतली तर हिशेब बसतो.

६० लिटरचे तीन टब. ताट आधी खरवडून उष्टं वेगळ्या बादलीत. पहिल्या टबात साबण, दुसऱ्यात पहिली खळबळ, तिसऱ्यात शेवटची. ७०-८० ताटांनंतर पहिला टब ओतून द्या, दुसरा पहिल्याच्या जागी, तिसरा दुसऱ्याच्या जागी, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात भरा. अशा दोन फेऱ्या धरून सगळे २२० संच ३०० लिटरमध्ये निघतात, म्हणजे संचाला दीड लिटरहून कमी. पुसायला टेरीचे टॉवेल घ्या, आपल्याच गावात विणलेले.

पाण्याची अगदीच ओढ असेल तर काड्यांनी टाचलेल्या पळसाच्या पत्रावळी घ्या. पर्यावरणपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत द्रोण-पत्रावळीची कड हळू फाडून बघा. पातळ पापुद्रा ताणला गेला तर वर प्लास्टिक आहे. चहाच्या कागदी कपांतही ते असतंच.

मोठ्या पातेल्यातलं एकदम वाढू नका, अर्धं वाढून परत विचारा. उष्ट्याच्या बादलीचं वजन करून फळ्यावर लिहिलं तर पुढच्या पंगतीत आपोआप कमी होतं.

शेंगाचं_टरफल · ८ मे, सायंकाळी ७:१५

गणपतीचं राहिलं. मुलांच्या कार्यशाळेला ९ इंची मूर्तीमागे साधारण ३ ते ४ किलो शाडू धरा. माती आदल्या रात्री भिजवा आणि मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला, तडे कमी जातात. भेगा पडायचं मुख्य कारण म्हणजे उन्हात वाळवणं. सावलीत, ओल्या फडक्याखाली पहिले दोन दिवस, मग उघडं. आतून पोकळ ठेवली तर लवकर वाळते आणि लवकर विरघळते. रंग हळद, गेरू, मुलतानी मातीचे. ऑइलपेंट लावला की पाणी आत शिरत नाही.

शाडू तलावात नेऊन सोडला तर तोही तळाशी थर करून बसतो, म्हणून बादलीतच विसर्जन करा. पाणी निवळल्यावर वरचं झाडांना घाला आणि खालची माती वाळवून पुढच्या वर्षाला ठेवा.

निर्माल्यातून दोरा, जरी, चमकी, प्लास्टिकचे हार आणि अगरबत्तीची पाकिटं आधी काढा. झेंडू-शेवंतीच्या १०० किलोला २५ ते ३० किलो सुका पाला आणि १० किलो शेणाची रबडी. बेल आणि दूर्वा चिरून घाला, नाहीतर गोळे होतात. पहिला आठवडा दर दोन दिवसांनी उलथापालथ.

हिप्परगा_काठ · ८ मे, रात्री ९:५०

आणि ज्यांच्याकडे पीओपीची मूर्ती येतेच, त्यांना काय सांगायचं? वादावादी नको आहे.

हौद_आणि_बादली · ८ मे, रात्री १०:२५

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं यावर पद्धत काढली आहे, अमोनियम बायकार्बोनेटची. मूर्तीच्या वजनाइतकीच पावडर घ्या, २ किलोच्या मूर्तीला २ किलो. मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात ती विरघळवून मूर्ती ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी ढवळा. ४८ तासांत मूर्ती मोडते. अमोनियाचा वास येतो, म्हणून टब गच्चीवर किंवा अंगणात ठेवा, बंद खोलीत किंवा न्हाणीघरात नाही, आणि मुलांना लांब ठेवा. टब प्लास्टिकचा, पितळ-तांब्याचं भांडं नको, अमोनियानं खराब होतं.

खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं, पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं. ते खतच आहे, पण भरपूर पाणी घालून पातळ करा आणि फक्त शोभेच्या झाडांना द्या, भाजीला नको, कारण रंगातलं काय उतरलंय ते सांगता येत नाही. वर तरंगणारे रंगाचे पापुद्रे जाळीनं काढून घरातल्या घातक कचऱ्यात टाका, बल्ब आणि सेल टाकता त्या डब्यात. कॉलनीत एकाच ठिकाणी दोन-तीन मोठे टब मांडले आणि पावडर एकत्र आणली तर स्वस्त पडतं. पावडर ऑगस्टच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा, सणाच्या आठवड्यात मिळत नाही. उघडं पोतं ठेवू नका, ती हवेत उडून कमी होत जाते.